टीबीच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठलं, तर त्या दिवशी रुग्णानं जायचं कुठं?
बेळगावच्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा क्षयरोग अधिकारी, बेळगाव
तसेच खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी आणि निपाणी भागांत क्षयरोगाचं काम पाहणारे सर्व वैद्यकीय अधिकारी

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात औषधांचं दुकान चालवते. टीबीच्या गोळ्या सरकारातून फुकट मिळतात, त्यामुळं त्या घ्यायला माझ्याकडं फारसं कुणी येत नाही. पण त्या गोळ्या चालू असताना अंगाला खाज सुटली, चेहरा सुजला, छातीपोटावर लाल पुरळ आलं, की माणूस आधी आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येतो. दवाखाना लांब असतो, शनिवार-रविवार असतो, रोजगार बुडतो, आणि खाजेसारख्या गोष्टीसाठी डॉक्टरांना त्रास द्यायचा संकोचही असतो. तिथं उभी राहून मला जे दिसतं, ते आपल्यापुढं मांडावं म्हणून हे पत्र.

माझं मागणं एकच आहे. टीबीच्या औषधाची अ‍ॅलर्जी झालेल्या रुग्णाला त्याच दिवशी विचारायला एक माणूस हवा, जायला एक ठिकाण हवं आणि तपासणीनंतर द्यायला सुटी (एकत्र गोळीतली प्रत्येक वेगवेगळी) औषधं तालुक्यातच हवीत. हे सगळं त्याला पहिल्या दिवशीच, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत कळलेलं असावं.

दुकानात येणारा माणूस टीबीचं नाव काढत नाही. "ताई, पित्त उठलंय, गोळी द्या की," एवढंच म्हणतो. आमच्या भागात अंगावर गांध्या आल्या की ते पित्तच. त्यावर आमसूल भिजवून चोळायचं, ओवा खायचा, ही घराघरातली रीत, आणि साध्या पित्ताला ती पुरतेही. मी विचारते, "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?" आजूबाजूला गिऱ्हाईक असेल तर उत्तर येत नाही. गर्दी पांगली की आवाज उतरतो: "छातीच्या आहेत. सरकारी." लघवी लाल होते का, म्हणून विचारलं की मान हलते. टीबीच्या गोळीतल्या रिफॅम्पिसिन या औषधानं लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं. ती अ‍ॅलर्जी नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळं रक्त जातंय असं समजून गोळ्या बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. मग खरंच अंगावर पुरळ उठल्यावर त्या माणसाच्या मनाचं काय होत असेल?

त्यानंतर घरात जे घडतं ते जवळपास सगळीकडं सारखं असतं. कुणीतरी म्हणतं, गोळ्या उष्ण पडल्या. मग सासू वांगं बंद करते, अंडी बंद करते, शेंगदाणे बंद करते, मासे तर पहिल्यांदा बंद. वजन उतरलेल्या, अंगात मांस न राहिलेल्या बाईचं ताट असं आणखी रिकामं होतं. निक्षय पोषण योजनेतून पूर्वी महिन्याला ५०० रुपये मिळत, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते पैसे ज्या अंड्यांसाठी आणि डाळीसाठी दिले जातात, तीच अंडी पुरळाच्या भीतीनं घरातून हद्दपार होतात. गोळीमुळं आलेलं पुरळ पथ्यानं जात नाही, हे ठामपणे सांगणारं माणूस त्या घरी पोचायला हवं.

माशांबद्दल मात्र एक खरी गोष्ट आहे. टीबीच्या गोळीतलंच आयसोनियाझिड हे औषध चालू असताना हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) जास्त असलेला मासा खाल्ला, तर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, खाज, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो, कारण हिस्टामिनचा निचरा करण्याची शरीराची क्षमता हे औषध कमी करतं. बांगडा, कुपा, तारली या जातींचे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन वाढतं. गोवा आणि सिंधुदुर्गाहून घाट चढून येणारा मासा आमच्या बाजारात पोचेपर्यंत किती वेळ गेलेला असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याला असा त्रास होतो त्यानं तो मासा टाळावा. ताजं मटण, अंडी, डाळ खुशाल खावं. इतका बारकावा कुणी सांगितला तर रुग्ण ऐकतो. सरसकट "सगळं खा" किंवा "सगळं बंद करा" म्हटलं, की तो शेजाऱ्याचं ऐकतो.

आता मूळ विषय. सगळी खाज सारखी नसते, आणि सगळा घोटाळा याच ठिकाणी होतो. अंगावर काहीच न उठता नुसती खाज सुटली असेल, तर बहुतेक वेळा डॉक्टर अ‍ॅलर्जीची गोळी जोडीला देतात आणि टीबीचं औषध चालू ठेवतात. काही दिवसांत ती शमतेही. थोडंसं, एका जागी आलेलं पुरळ असेल तरी लक्ष ठेवून औषध चालू राहू शकतं. पण पुरळ अंगभर पसरलं, जोडीला ताप आला, ओठ आतून सोलवटले, तोंडात फोड आले, डोळे लाल होऊन चिकटू लागले, कातडी खाजण्याऐवजी दुखू लागली किंवा फोड येऊन सुटू लागली, तर पुढचा डोस घ्यायचा नाही आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचायचं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम तो हाच. त्याचं उग्र रूप म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. त्यात मृत्यूचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या घरात जातं. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे: औषध सुरू होऊन दोन ते आठ आठवडे झालेले असतात, ताप परत येतो, चेहरा सुजतो, मानेत गाठी येतात, पुरळ उठतं, आणि आत यकृताला सूज आलेली असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ड्रेस (DRESS) म्हणतात. ताप आणि गाठी ही टीबीचीही लक्षणं असल्यामुळं "आजार वाढलाय, गोळ्या नेमानं घ्या" असं सांगून रुग्णाला परत पाठवलं जाण्याची भीती इथं सगळ्यात जास्त. पुरळाबरोबर रक्त तपासून यकृत आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पाहिले, तर ही चूक टळते.

अंगावर लाल-जांभळे बारीक ठिपके आले आणि बोटानं दाबले तरी ते फिके पडले नाहीत, तर ते पुरळ नसून कातडीखाली झिरपलेलं रक्त असतं. रिफॅम्पिसिनमुळं प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरल्या की असं होतं. तेव्हा ते औषध थांबवून प्लेटलेट मोजायला हव्यात, आणि त्या घसरलेल्या निघाल्या तर रिफॅम्पिसिन त्या माणसाला पुन्हा कधीही द्यायचं नसतं. आणि गोळी घेतल्यावर लगेच किंवा तासाभरात जीभ-ओठ सुजले, श्वास लागला, भोवळ आली, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन. त्या वेळी जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असावं आणि ते द्यायला कुणी कचरू नये.

हे सगळं आपल्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तरी मी ते इथं लिहिते, कारण हे पत्र रुग्णांच्या घरीही वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

आता एकत्र गोळीची अडचण. २०१७ पासून देशभर रोजच्या डोसची पद्धत आली आणि एका गोळीत चार औषधं आली: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. वजन ३५ ते ४९ किलो असेल तर तीन गोळ्या, ५० ते ६४ असेल तर चार. गोळ्यांची संख्या कमी झाली, एखादंच औषध गाळून बाकीची घेण्याची वाट बंद झाली. ही पद्धत चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. पण अ‍ॅलर्जी झाली की चौघांत दोषी कोण, हे त्या गोळीतून कळायची सोय नाही. पायराझिनामाइडचं नाव जास्त वेळा पुढे येतं, पण पुरळ चारांपैकी कोणत्याही औषधानं येऊ शकतं.

म्हणून डॉक्टर सगळी औषधं थांबवतात. पुरळ पूर्ण ओसरू देतात. मग एकेक औषध सुटं, आधी थोड्या मात्रेत, दोन-तीन दिवसांत पूर्ण मात्रेपर्यंत नेतात; ते सोसलं की पुढचं. ज्या औषधापाशी खाज-पुरळ परत येतं, ते वगळून उरलेल्यांतून नवा उपचार बसवतात. पायराझिनामाइड वगळावं लागलं तर सहा महिन्यांचा उपचार साधारण नऊ महिन्यांवर जातो, पण माणूस बरा होतो. मेंदूचा टीबी किंवा सगळ्या अंगात पसरलेला टीबी असेल, तर वाट पाहायला वेळ नसतो. तेव्हा तात्पुरती दुसरी औषधं देऊन मधला काळ सांभाळावा लागतो. ज्यांची कातडी सोलवटली किंवा ज्यांना ड्रेस झाला, त्यांच्या बाबतीत हा प्रयोग फक्त रुग्णालयात, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि काही औषधं तर आयुष्यात परत नाहीतच.

ही सगळी पद्धत उभी आहे ती सुट्या औषधांवर. आयसोनियाझिडची वेगळी, रिफॅम्पिसिनची वेगळी, पायराझिनामाइडची वेगळी, इथाम्ब्युटॉलची वेगळी गोळी हातात नसेल, तर कितीही हुशार डॉक्टर असला तरी तो काय करणार? जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाला दर तीन दिवसांनी जिल्ह्याच्या गावी बोलावलं, तर तो पहिल्या खेपेला येईल, दुसऱ्या खेपेला येईल, पुढं येणार नाही. पावसाळ्यात तर त्या बाजूचे रस्तेच बंद पडतात. सुट्या औषधांचा थोडासा साठा प्रत्येक तालुक्याच्या क्षयरोग पथकात ठेवणं ही मोठ्या खर्चाची बाब नाही. मुदत संपत आली की आलटून पालटून जिल्हा भांडारात परत पाठवता येतो. औषधांच्या दुकानात आम्ही रोज तेच करतो.

औषध थांबवल्यापासून ते पुन्हा सुरू होईपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांना आज धनी नाही. मी सगळ्यात जास्त कळवळून लिहिते आहे ते या दिवसांबद्दल. रुग्णाला "थांबा" सांगितलं जातं, पण परत कधी आणि कुठं यायचं ते नेमकं सांगितलं जात नाही. पुरळ जातं, बरं वाटतं, माणूस कामाला लागतो. कुणी गोव्याला बांधकामावर जातो, कुणी वीटभट्टीवर, निपाणीकडची बाई तंबाखूच्या वखारीत किंवा बिडीच्या सुपापाशी परत बसते. महिन्या-दोन महिन्यांनी खोकला परत येतो आणि कागदावर त्याच्या नावापुढं "उपचार सोडला" असं लागतं. त्यानं सोडला नाही. त्याला अर्ध्या रस्त्यात उतरवलं गेलं.

काही जण वेगळा मार्ग काढतात: तीनऐवजी एकच गोळी घेतात, किंवा एक दिवसाआड घेतात. "एक घेतली की खाज कमी सुटते," असं माझ्यासमोर एका विणकराच्या बायकोनं सांगितलं. वडगाव-शहापूरच्या बाजूला मागावर बसणारी ती बाई. अर्ध्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे मात्र तयार होतात, हे तिला कुणी समजावलेलं नव्हतं. आणि रिफॅम्पिसिनच्या बाबतीत याहून मोठा धोका आहे. हे औषध मध्येच सोडून काही दिवसांनी परत घेतलं, तर शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात. मग थंडी-ताप, रक्तपेशी फुटणं, रक्तदाब कोसळणं, क्वचित मूत्रपिंड बंद पडणं, इथवर जाऊ शकतं. म्हणजे खाजेला भिऊन गोळ्या बंद केलेला माणूस आशाताईंच्या रागावण्याला भिऊन घरच्या घरी त्या परत सुरू करतो, तेव्हा तो आधीपेक्षा मोठ्या संकटात पाऊल टाकत असतो. म्हणून आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: गोळ्या बंद केलेला रुग्ण भेटला तर आधी "का" विचारा, रागावू नका, आणि "आज रात्रीपासून परत घे" असं डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच सांगू नका.

माझ्या व्यवसायातल्या भावंडांनाही इथंच दोन शब्द सांगते. खाजेची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला, बाजूला घेऊन, हळू आवाजात, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. २०१४ पासून टीबीची औषधं एच-१ वहीत, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या वेगळ्या नोंदवहीत, नोंदवावी लागतात. वही आपण लिहितोच. पण सरकारी गोळ्या घेणाऱ्याचं नाव आपल्या वहीत येत नाही, त्यामुळं तोंडानं विचारण्याला पर्याय नाही. खाज थांबवायला स्टिरॉइडचं इंजेक्शन ठोकणारे प्रत्येक गावात आहेत. त्यानं दोन दिवस सगळं दबतं आणि खरं पुरळ डॉक्टरांना दिसेपर्यंत उशीर होतो. गंभीर अ‍ॅलर्जीत स्टिरॉइड लागतंही, पण ते रुग्णालयात ठरवायचं. रिफॅम्पिसिन चालू असेल तर प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी होतो, हा हिशेबही तिथंच होतो.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. पायराझिनामाइडनं सांधे दुखतात, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसतं. अहवाल बघून कुणीतरी ते कमी करायला अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून देतं. या कारणानं वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडवर ते औषध उपयोगी पडत नाही, पण ड्रेस आणि स्टीव्हन्स-जॉन्सन घडवणाऱ्या औषधांत त्याचं नाव वरचं आहे. मग पुरळ उठतं आणि ठपका टीबीच्या गोळ्यांवर येतो. एचआयव्हीबरोबर टीबी असलेल्यांना दुसरे जंतुसंसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोल दिलेलं असतं, त्याचंही तसंच. त्यांना अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, आणि दोन-तीन औषधं एकाच आठवड्यात सुरू झाली तर दोषी शोधणं अवघड होऊन बसतं. रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी, मग ती वैद्याची पुडी असो की दुकानातली अंगदुखीची, पिशवीसकट डॉक्टरांसमोर ओतायला सांगा.

कातडीवरचं पुरळ ही किरकोळ बाब आहे, असं मानणाऱ्यांना एका जुन्या औषधाची आठवण करून द्यावीशी वाटते. थायोअ‍ॅसिटाझोन हे टीबीचं स्वस्त औषध आयसोनियाझिडच्या जोडीनं आपल्या देशात वर्षानुवर्षं दिलं गेलं. पुढं एचआयव्ही असलेल्या रुग्णांत त्यानं कातडी सोलवटून मृत्यू होतात हे नैरोबीतल्या अभ्यासातून १९९१ मध्ये पुढं आलं, आणि जगभर त्याचा वापर आवरता घेतला गेला. कुणीतरी रुग्णाच्या अंगावरची पुरळं मोजली, लिहून ठेवली, म्हणून हे घडलं.

आज आपल्याकडं लिहून ठेवण्याची सोय आहे, वापर नाही. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडं त्याचं काम आहे. १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. रुग्णांनी भरायचा अर्ज कन्नडमध्ये आहे आणि मराठीतही आहे. आपल्या कचेरीला तो नव्यानं तयार करायचा नाही, छापून दवाखान्यांत ठेवायचा आहे, इतकंच.

यावरून भाषेचा मुद्दा. तो मी मुद्दाम शेवटाकडं ठेवला, कारण आमच्या भागात भाषेचं नाव काढलं की माणसं लगेच दोन बाजूंना उभी राहतात. इथं दोन बाजू नाहीत. माझ्या गावच्या आशाताई घरी कन्नड बोलतात आणि रुग्णाशी इतक्या मायेनं मराठीत बोलतात की कुणालाही शिकावंसं वाटावं. पण त्या चोवीस तास रुग्णाशेजारी नसतात. रात्री दोन वाजता ओठ सुजले, तर त्या घरात हाताशी असतो तो उपचाराच्या सूचनांचा कागद. आणि तो कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे. खानापूरच्या मराठी शाळेत चौथी शिकलेल्या बाईला त्यातलं एक अक्षर लागत नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशानं कधीच मान्य केलं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांत मराठी बोलणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. कन्नड कागदाच्या पाठच्या बाजूला मराठी छापलं, तर कन्नड कुठंही कमी होत नाही. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी चित्रं छापा: सुजलेले ओठ, तोंडातले फोड, लाल डोळे, पिवळे डोळे, आणि खाली फोनचा क्रमांक.

आमचा रुग्ण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जगतो, हेही ध्यानात घ्यावं. शिनोळीचा माणूस चंदगडच्या दवाखान्यापेक्षा बेळगावला लवकर पोचतो. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवतो, खानापूरचा गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. जुनी माणसं तर छातीच्या दुखण्याला अजून मिरजेचं नाव घेतात, वानलेसवाडीचं सॅनिटोरियम त्यांच्या डोक्यातून जात नाही. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी संगणक नोंदणीवरची नोंद देशभर चालते, रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वर्ग करता येतो. पण पणजीच्या बाजूला कामावर असलेल्याला रात्री ताप भरला आणि तो जवळच्या खासगी डॉक्टरकडं गेला, तर त्या डॉक्टरसमोर निक्षयचा पडदा उघडलेला नसतो. त्याच्या खिशात एक चिठ्ठी हवी: या माणसाला अमुक औषधानं अमुक तारखेला अमुक प्रकारची अ‍ॅलर्जी झाली, हे औषध परत देऊ नये, ही औषधं चालतात. डॉक्टरांची सही, शिक्का. ही चिठ्ठी नसल्यामुळं एकदा कसंबसं वाचलेल्या माणसाला तीच एकत्र गोळी दुसऱ्या राज्यात पुन्हा सुरू होऊ शकते. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांसाठी नवी औषधं आली, तेव्हा दुष्परिणामांवर बारीक लक्ष ठेवण्याची व्यवस्था त्यांच्याबरोबर आली. साध्या टीबीचे रुग्ण संख्येनं कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या वाट्याला निदान ही चिठ्ठी तरी यावी.

आपल्याकडं माणसं कमी आहेत, हे मला दिसतं. एका उपचार पर्यवेक्षकाला मोटरसायकलवरून किती गावं पालथी घालावी लागतात तेही दिसतं. म्हणून नवी योजना मागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत, जेव्हा अशा बहुतेक प्रतिक्रिया होतात, आशाताई गोळ्या मोजायला घरी जातातच. त्याच भेटीत "खाज आहे का, पुरळ आहे का, डोळे पिवळे आहेत का, तोंड आलंय का" हे विचारलं जावं आणि उत्तर लिहिलं जावं. उपचार सुरू करताना आधी कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी झाली होती का, हे कार्डावर ठळक अक्षरांत यावं. औषध थांबवलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढची तारीख त्याच दिवशी ठरावी आणि त्या तारखेला तो आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी कुणीतरी जावं. निक्षय संपर्काचा १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे, तो चांगला आहे. पण तालुक्याचा, ओळखीच्या आवाजाचा एक क्रमांक असेल, तर आमची माणसं जास्त धीरानं फोन करतात.

माझ्याकडून होईल ते मी करीन. मराठी मजकूर तपासून द्यायला, छपाईचा थोडा भार उचलायला आणि दुकानात तो कागद ठेवायला मी तयार आहे. माझ्या ओळखीचे इतर दुकानदारही तयार होतील. आपल्याकडून तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे. सुटी औषधं आज कोणत्या तालुक्यात आहेत आणि कोणत्या तालुक्यात नाहीत? अंगभर पुरळ आणि ताप घेऊन आलेल्या रुग्णाला सुट्टीच्या दिवशी कुठल्या रुग्णालयात पाठवायचं आणि तिथं कुणाच्या नावानं? आणि मराठी मजकुराचा कागद छापायला आपली परवानगी आहे का? परवानगी मिळाली, तर पावसाळा लागायच्या आत जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नंदगड या बाजूंना तो पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपली विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक औषधविक्रेती